पान बावीस, पान तेवीस

२९ जानेवारी, बुधवार
आजपासून रोजनिशी. रोज दहा ओळी, न चुकता, आणि खरं तेच लिहायचं. दुसरं कुणी वाचणार नाही, तेव्हा खोटं लिहिण्याचं कारणही नाही.

आज ग्रंथपाल बाई माझ्या बाइंडिंगच्या खोलीत स्वतः आल्या. दर शनिवारी लहान मुलांना गोष्टी वाचून दाखवणारी ताई बाळंतपणाच्या रजेवर गेली आहे. शिपायाला विचारलं तर तो म्हणाला, माझे गुडघे. गोष्ट वाचायला गुडघे कशाला लागतात, कोण जाणे. मग बाईंनी माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, विचार करून सांगतो. विचार आधीच झाला होता. गावच्या शाळेत प्रार्थना सांगायला मलाच उभं करत. गुरुजी म्हणायचे, याचा आवाज शेवटच्या बाकापर्यंत पोचतो. (बाक तीनच होते. पण मुद्दा तो नाही.)

पुस्तकं सगळी कुत्र्यांची. चित्रांची, मोठ्या अक्षरांची, नवीकोरी बारा. बाईंचं म्हणणं, एरवी जागेवर न बसणारी पोरंसुद्धा कुत्र्यासाठी बसतात.

मला कुत्र्यांची भीती वाटत नाही. कुत्र्यांचे माझ्याविषयी काही गैरसमज आहेत. इस्त्रीवाल्याच्या दुकानावरून न जाता मी चार वर्षं पोस्टाकडून वळसा घालून कामावर येतो, तो व्यायाम म्हणून.

३० जानेवारी
काही विशेष नाही.

१ फेब्रुवारी, शनिवार
पहिलं वाचन. मुलं आठ. प्रभाव चांगला पडला. एकदम शांतता. दोघं तर झोपलीच.

पुढे एक दोन वेण्यांची मुलगी बसली होती, सहाएक वर्षांची. तिला मी मनातल्या मनात प्रश्नपत्रिका असं नाव ठेवलं. तिनं विचारलं, काका, चित्रं तुम्ही एकटेच बघणार का? तेव्हा लक्षात आलं, पुस्तक माझ्याकडे तोंड करून होतं. मी म्हटलं, आधी ऐकायचं, मग बघायचं. तिनं विचारलं, असं कुठे लिहिलंय? पुस्तक फिरवलं. मग मला अक्षरं दिसेनात. मान वाकडी करून वाचलं. भुंकलोही एकदा. ती म्हणाली, कुत्रा असा नाही भुंकत, हा खोकतोय.

आमच्या हवालदाराला सर्दी झाली की तो असा भुंकायचा, असंही म्हणाली. हवालदार हा त्यांचा कुत्रा. भुंकायचा का म्हणाली, भुंकतो का नाही, हे मी विचारायला हवं होतं. तेव्हा सुचलं नाही.

संकल्प: रोज पंधरा मिनिटं भुंकण्याचा सराव. घरी नको.

४ फेब्रुवारी, मंगळवार
येत्या शनिवारचं पुस्तक वाचून पाहिलं. एक म्हातारा कुत्रा, एक मुलगा. एकवीस पानांपर्यंत ठीक. कुत्रा जेवत नाही, डॉक्टर येतो, औषध देतो. पान बावीस आणि तेवीस मिळून एकच मोठं चित्र. सतरंजीवर कुत्रा, भोवती घरातली माणसं. खाली दोन ओळी: त्या दिवशी सकाळी तो उठला नाही. सगळे त्याच्याजवळ बसून राहिले.

खोलीचं दार लावून तीनदा मोठ्यानं वाचून पाहिलं. तिन्ही वेळा ‘उठला’पर्यंत आवाज गेला, पुढे गेला नाही. धूळ फार आहे या खोलीत.

सहा वर्षांच्या मुलांना हे वाचून दाखवणं योग्य नाही. हा माझा प्रश्न नाही, मुलांचा आहे. बराच विचार केला. देवालाही विचारलं. देव काही म्हणाला नाही. म्हणजे त्याची हरकत नसावी.

मैद्याची खळ पातळ केली. बावीस आणि तेवीस समोरासमोर चिकटवली. कडा नखानं दाबल्या, रात्रभर प्रेसमध्ये. चोवीस वर्षं हेच काम करतो. हात लावून बघा, पान थोडं जाड लागेल, एवढंच.

८ फेब्रुवारी, शनिवार
उत्तम. आजवरचा उत्तम दिवस.

एकवीसवर कुत्रा आजारी. पान उलटलं. चोवीसवर मुलगा एकटाच खिडकीशी. मुलांनी विचारलं, कुत्रा कुठे? मी म्हटलं, हवापालटाला गेला. त्याच्या भावाकडे. मोठं अंगण आहे, ऊन आहे.

प्रश्नपत्रिका पुढे सरकली. आजारी कुत्रे तिथे जातात का? म्हटलं, हो. एकटे? म्हटलं, त्यांना वाट माहीत असते. आणि परत कधी येतात? बरे झाले की. तिनं विचारलं, असं पुस्तकात लिहिलंय? मी म्हटलं, हो तर. पुस्तकावर बोट ठेवूनच म्हटलं.

ती उड्या मारत घरी गेली. एका मुलीच्या चेहऱ्यावर मी आज आनंद आणला. रजेवरची ताई परत आली तरी शनिवार माझ्याकडेच राहावा, असं बाईंच्या कानावर घालायला हवं.

१० फेब्रुवारी, सोमवार
उत्साह आहे तोवर बाकीची पुस्तकंही तपासली. एकात कुत्रा मुलाला चावतो. चिकटवलं. एकात त्याला स्टेशनवर सोडून जातात. चिकटवलं. एकात तो हरवतो, चार पानं हरवलेला. चारही चिकटवली. आता तो हरवतच नाही, थेट सापडतो. सगळे एवढे आनंदानं का नाचताहेत, ते तेवढं कळत नाही. पण आनंदाला कारण हवंच असं नाही.

११ फेब्रुवारी, मंगळवार
प्रश्नपत्रिकेचे वडील आले होते. बस चालवतात. ड्युटीवरून थेट, खाकी शर्टावर. दारातच उभे. मास्तर, दोन मिनिटं आहेत का? मला मास्तर म्हणाले. मी स्टूल पुसून दिलं. बसले नाहीत.

म्हणाले, आमचा हवालदार जानेवारीत गेला. चौदा वर्षांचा होता. आम्ही पोरीला सरळ सांगितलं. बायको म्हणत होती, नको सांगू. मी म्हटलं, नाही, सांगायचं. मागच्या आवारात खड्डा केला, पोरीनं स्वतःच्या हातानं माती टाकली. आठ दिवस रडली. मग हळूहळू जेवायला लागली. त्याचं पाण्याचं भांडं माळ्यावर टाकलं, तेव्हा काही बोलली नाही. शनिवारी घरी आली आणि म्हणाली, भांडं काढून द्या. आता रोज पाणी भरून ठेवते आणि पायरीवर बसते. मी म्हटलं, अगं, तूच माती टाकलीस ना. तर म्हणते, तो झोपला होता, तो उठून गेला असेल. तुम्ही खोटं बोलता पप्पा. काका पुस्तकात बघून सांगतात.

मग म्हणाले, मला राग नाही मास्तर, पण पुस्तकात खरंच तसं आहे का?

मी म्हटलं, छपाईत एक पान सुटलेलं दिसतंय. प्रेसवाले हल्ली फार निष्काळजी झालेत.

ते म्हणाले, तरीच. मी उगाच तुमच्यावर संशय घेतला. हात जोडून गेले.

खरं तेच लिहायचं असं ठरलं आहे. म्हणून लिहितो: त्यांनी हात जोडले, तेव्हा मीही जोडले.

१२ फेब्रुवारी
काल ड्रायव्हर जाताना बाईंना पान सुटल्याचं सांगून गेले. बाईंनी प्रकाशकाला कडक पत्र पाठवलं, आजच. आता पुस्तक मागताहेत, परत पाठवायला. मी म्हटलं, मी दुरुस्त करतो. त्या म्हणाल्या, नसलेलं पान कसं दुरुस्त करणार? म्हटलं, बघतो. त्यांनी माझ्याकडे जरा जास्त वेळ पाहिलं.

१३ फेब्रुवारी, गुरुवार
सगळे गेल्यावर किटली ठेवली. खळीला वाफ दिली की ती सुटते, हे नवशिक्यालाही माहीत असतं. पण कागद गुळगुळीत, रंगीत छपाईचा. अर्धं पान सुटलं आणि मग तेवीसचं कातडं बावीसला चिकटून आलं. कुत्रा तिकडे, सतरंजी इकडे. ‘त्या दिवशी सकाळी तो’ एवढंच वाचता येतं.

याआधी माझ्या हातून पान फाटलेलं मला आठवत नाही.

घरी देवापुढे बसलो. एरवी मी बोलतो आणि तो ऐकतो. आज दिव्यात तेल पुरेसं आहे का, ते पाहून उठलो.

संकल्प: शनिवारी सगळ्यांसमोर सांगायचं. स्पष्ट.

१५ फेब्रुवारी, शनिवार
घसा बसला. म्हणजे सकाळी ठीक होता, पण बसेल असं वाटत होतं. मफलर गुंडाळून गेलो आणि मुलांना चित्रं काढायला लावली.

प्रश्नपत्रिकेनं हवालदार काढला. पाठीवर पिशवी, पिशवीत गोधडी. म्हणाली, तिकडे गार असेल तर. मग विचारलं, काका, त्या भावाचा पत्ता पुस्तकात आहे का? मी घशाकडे बोट दाखवलं. ती म्हणाली, बरं, पुढच्या शनिवारी सांगा, तोपर्यंत तुमचा घसाही बरा होईल. आणि माझ्या मफलरचं सुटलेलं टोक नीट खोचून दिलं.

१७ फेब्रुवारी, सोमवार
न राहवून हिला सांगितलं. ही कपड्यांच्या घड्या घालत होती. ऐकून घेतलं. मग म्हणाली, नवीन काय त्यात?

मी म्हटलं, म्हणजे?

म्हणाली, मामंजी गेले तेव्हा आपला मुलगा पाच वर्षांचा होता. तुम्ही त्याला काय सांगितलंत? आजोबा गावाला गेलेत, शेतीची कामं उरकली की येतील. दोन वर्षं पोरगं प्रत्येक सुट्टीला विचारत होतं, कामं उरकली का.

मी म्हटलं, पण मग तो विचारायचा बंद झाला की. विसरला.

ही म्हणाली, विसरला नाही. मी सांगितलं त्याला. एका दुपारी समोर बसवून सगळं सांगितलं. तुम्ही कामावर होतात. तुम्ही खळ लावायची आणि मी सोडवत बसायचं, असंच चाललंय.

मी विचारलं, तो काय म्हणाला? ही म्हणाली, आता विचारताय. वीस वर्षांनी.

मग घडी घातलेला शर्ट माझ्या मांडीवर ठेवून आत गेली.

वडिलांच्या वेळी मी मुलाचा विचार केला होता, असंच मला आजवर वाटत होतं.

२१ फेब्रुवारी, शुक्रवार
उद्या सांगायचं. वाक्यं लिहून काढली. पहिला मसुदा तीन पानांचा झाला, त्यात मुलांच्या कोवळ्या मनाविषयी पुष्कळ होतं. फाडला. दुसरा एका पानाचा, त्यात कागदाच्या दर्जाविषयी होतं. तोही फाडला. तिसरा एका ओळीचा आहे.

२२ फेब्रुवारी, शनिवार
ओळ अशी होती: ते पान मी चिकटवलं होतं.

म्हटली. मुलं माझ्याकडे बघत राहिली. दारात ड्रायव्हर उभे होते, त्यांच्यामागे बाई. बाईंना आधी सांगायला हवं होतं, हे तेव्हाच लक्षात आलं.

एकानं विचारलं, का चिकटवलं? मुलांसाठी, असं तोंडात आलं होतं. ते गिळलं आणि म्हटलं, मला वाचवत नव्हतं. तो पोरगा म्हणाला, मग दुसऱ्या कुणाला द्यायचं वाचायला. इतकं सोपं होतं ते.

फाटलेलं पान दाखवलं. अक्षरं पुरती नव्हती, पण पाठ होती. म्हटलं, त्या दिवशी सकाळी तो उठला नाही. एवढं म्हणायला किती वेळ लागला, सांगता येत नाही. सगळे त्याच्याजवळ बसून राहिले, हे मात्र नीट म्हणता आलं.

प्रश्नपत्रिकेनं विचारलं, म्हणजे भावाकडे नाही गेला? म्हटलं, नाही. भाऊ पण नाहीये? नाही. मग आमचा हवालदार? मी म्हटलं, तुझे पप्पा खरं सांगत होते, बाळ. खोटं मी बोललो.

ती रडली नाही. उठली, भिंतीवर लावलेलं स्वतःचं चित्र काढलं, घडी केली आणि वडिलांकडे गेली. ड्रायव्हरांनी या वेळी हात जोडले नाहीत.

तेवढ्यात मघाचाच पोरगा म्हणाला, काका, अजून किती पानं चिकटवलीत? मी म्हटलं, थोडी. किती? बाईंनीही दारातून विचारलं, किती? मोजावी लागली. चार पुस्तकांत पाच जागी. मुलांपैकी कुणीतरी बोटांवर बरोबर मोजत होतं.

२४ फेब्रुवारी, सोमवार
बाई ओरडल्या नाहीत. ओरडल्या असत्या तर बरं वाटलं असतं. प्रकाशकाला माफीचं पत्र माझ्याच हातानं लिहायला लावलं. ओळी चार, कागद सहा गेले. फाटलेल्या पुस्तकाची दुसरी प्रत मागवली आहे. शनिवारचं वाचन ड्रायव्हरांकडे दिलं आहे, त्यांची सुट्टी शनिवारचीच असते. मी चार दिवस किटली घेऊन बसायचं आणि सुटतील तेवढी पानं सोडवायची.

संध्याकाळी मुलाला फोन केला. आजोबांचं विचारायचं होतं. तिकडे पाऊस आहे का, असं विचारलं. तो म्हणाला, नाही. मग जेवलास का, असं विचारून ठेवला.

१ मार्च, शनिवार
दार उघडं ठेवून बसलो होतो, ऐकू यावं म्हणून. ड्रायव्हर छान वाचतात. पुस्तक आधीपासूनच मुलांकडे तोंड करून धरतात. भुंकायच्या जागी फक्त ‘कुत्रा भुंकला’ म्हणतात, आणि भुंकतात मुलंच.

नंतर मला भेटायला आले. घडलं ते घडलं म्हणाले. मी पोरीविषयी विचारलं. म्हणाले, दोन दिवस पुन्हा रडली, अगदी पहिल्यापासून. भांडं परवा स्वतःच उचलून आणून दिलं. त्यांचा आवाज सरळ होता. मी समोरचा दोरा गुंडाळत राहिलो.

ते बाईंकडे गेले, तेव्हा प्रश्नपत्रिका एकटीच आत आली. घरी न्यायचं पुस्तक हवं होतं. मी दुरुस्त झालेल्या गठ्ठ्यातून एक काढून दिलं, कुत्रा हरवतो ते. म्हटलं, यातली सगळी पानं मोकळी केलीत, बाळ. मी स्वतः बघितलंय.

तिनं मान हलवली. पुस्तक माझ्याच टेबलावर ठेवलं. पहिलं पान उघडलं, कडेवरून नख फिरवलं. मग दुसरं. मग तिसरं. बत्तीस पानं होती. मी शेवटपर्यंत उभा होतो.