जिवाचा डाव कोणाला द्यायचा

२१ सप्टेंबर ९७, रवि.

नोएडाला विनूकडे. आयटीओच्या चौकात बस बदलली, मग यमुनेच्या पुलावर अडकलो. वैतागून पोचलो तर लिफ्ट बंद, चार जिने. रिटायर झाल्यावर लक्ष्मीबाई नगरचं क्वार्टर सोडून या उजाड माळावर फ्लॅट घ्यायची बुद्धी याला कोणी दिली, कोण जाणे. खिडकीतून दिसतात अर्धवट इमारती आणि वाळूचे ढीग. म्हणे, हवा बघ किती मोकळी. हवेत निम्मं सिमेंट.

वाद नेहमीचा. भारताचा मोठा फलंदाज कोण, त्याचा पोरगा की माझा म्हातारा. (म्हातारा म्हणायला त्यानंच सुरुवात केली. माझा सलामीवाला माझ्यापेक्षा लहान आहे हे सांगून दमलो.) प्रश्नही ठरलेला: आपला जीव पणाला लागलाय, एकच डाव आहे, बॅट कोणाच्या हातात देशील? समोरच्याचं म्हणणं मान्य झालं तर "पटलं" म्हणायचं आणि हरायचं. पोरगा खेळायला लागला तेव्हापासून हे चालू आहे. शेजारी होतो तेव्हा रोज संध्याकाळी, आता फक्त रविवारी. तो शब्द अजून ना त्यानं उच्चारलाय ना मी.

आज मी हेल्मेटचा मुद्दा काढला. एकामागून एक चार वेगवान गोलंदाज, बाउन्सरला मर्यादा नाही, पंच यजमानांचे, आणि याच्या डोक्यावर कापडी टोपी. वि. म्हणाला, टोपी हा काही गुण नव्हे, हट्ट आहे. खूप हसलो. पण साबुदाण्याची खिचडी त्यानं तशीच बाजूला सारली. खिचडी सोडणाऱ्यांतला नाही हा.


२८ सप्टें., रवि.

वि. बारीक झालाय. पट्ट्याला नवीन भोक पाडलंय. शालिनीवहिनी म्हणाल्या अल्सर असावा, तपासण्या चालू आहेत.

तोंड मात्र चालू. आजचा त्याचा मुद्दा टीव्हीचा. तुझ्या म्हाताऱ्याला दुसऱ्या देशातल्या गोलंदाजानं मैदानावर गेल्यावरच पाहिलं, आता प्रत्येकजण कॅसेट लावून पोराची खोड शोधत बसतो, तरी तो धावा काढतो. मी विचारलं, धावा काढतो की फ्रीज विकतो? टीव्ही लावला की जाहिरातीत तोच. यावर वि. शांतपणे म्हणाला, "मध्या, तू तिशीत एकदा पसंती ठरवलीस आणि डोळे मिटलेस. मी पन्नाशी उलटल्यावर पुन्हा उघडले."

लागलं मला. उत्तर सुचलं ते परतीच्या बसमध्ये, नेहमीसारखं.

सु. म्हणते, आपणही त्याच सोसायटीत फ्लॅट बघू या, तुम्हाला दोनच वर्षं राहिली. बघू म्हटलं. मनातून केव्हाच हो आहे, पण लगेच कबूल केलं तर ती उद्याच पडदे घ्यायला निघेल.


४ ऑक्टो., शनि.

विनूचा मुलगा अमोल आला होता, मानेसरच्या कारखान्यातून सुटून थेट. घरात नको म्हणाला, म्हणून दोघं सरोजिनी मार्केटपर्यंत चालत गेलो. शनिवारची गर्दी, कपड्यांचे ढीग, "सौ के दो, सौ के दो". त्या आरड्याओरड्यात त्यानं सांगितलं.

"काका, अल्सर नाहीये. पॅनक्रियाजचा कॅन्सर आहे. फैल गया है. ऑपरेशनचा काही फायदा नाही म्हणाले."

मी एका हातगाडीला धरून उभा राहिलो. गाडीवाला विचारत राहिला, कौनसा साइज?

अमोल म्हणाला, बाबांना बिल्कुल कळू द्यायचं नाही, आईचं आणि माझं तसं ठरलंय. कळलं तर ते हातपाय गाळून बसतील. "तुम्ही फक्त नॉर्मल राहा. जसे भांडता ना, तसेच भांडा."

हो म्हटलं. घरी येऊन सु.ला सांगितलं. ती बराच वेळ देवापुढे बसली. जेवण तसंच झाकून ठेवलं.


५ ऑक्टो., रवि.

गेलो. भांडलो. काय बोललो ते आठवत नाही. विनूचे डोळे पिवळे दिसतात. अल्सरच्या गोळ्या कडू आहेत म्हणून तक्रार करत होता. वहिनी आतून मोठ्यानं हसत होत्या, हसण्यासारखं काही नसताना. अमोल सारखा "बढिया, बढिया" म्हणतो. सगळे मिळून एकट्या माणसाला फसवतोय, आणि तो बिचारा आम्हाला लाडू घ्या म्हणतोय.

बसमध्ये रडू आवरेना. शेजारच्या मुलीनं विचारलं, क्या हुआ अंकल? धूल, म्हटलं.


१२ ऑक्टो., रवि.

आज मी हरलो.

वि. पलंगावरच होता, पाठीशी दोन उशा. त्यानंच सुरुवात केली. म्हातारा सामना वाचवायचा, कबूल, पण जीव वाचवणं म्हणजे नुसतं टिकून राहणं नव्हे रे मध्या, पोरगा... आणि दम लागला. पाणी प्यायला. पुन्हा "पोरगा..." आणि पुन्हा दम. वाक्य काही पुरं होईना.

उत्तर माझ्या जिभेवर होतं. जीवच वाचवायचाय ना, मग टिकणाराच हवा. इतका सोपा चेंडू त्यानं आजवर मला टाकला नव्हता. पण बोलवेना. त्याच्यासमोर बसून टिकण्याच्या गोष्टी कुठल्या तोंडानं करू?

"पटलं," म्हटलं.

"काय?"

"पटलं, विन्या. जिवाचा डाव पोराला."

वाटलं, वहिनींना हाका मारेल, लक्ष्मीबाई नगरात फोन करकरून सांगेल. तो नुसता माझ्याकडे बघत राहिला. मग विचारलं, ऑफिसात वेतन आयोगाचं काय झालं? चहा आला. प्यायलो, निघालो.

बरं केलं असं वाटतंय. एवढं तरी देता आलं त्याला.


१४ ऑक्टो., मंगळ.

अमोलचा फोन, ऑफिसात. रविवारी मी जिना उतरतो न उतरतो तोच वि.नं त्याला समोर बसवलं. "मध्या पटलं म्हणाला. आता खरं काय ते सांग." अमोलनं अल्सर-अल्सर करून बघितलं. वि. म्हणाला, "अरे, तो माझ्याशी हरत नसतो. डॉक्टर काय म्हणाले?" शेवटी अमोलनं सगळं सांगितलं. वहिनी दारात उभ्या होत्या.

मला बोलला नाही फारसा. "काका, मी म्हटलं होतं ना, जसे भांडता तसेच भांडा." एवढंच.

बायको, मुलगा, डॉक्टर, सगळ्यांनी मिळून जे लपवून ठेवलं होतं ते मी एका शब्दात सांगून टाकलं. वर पुण्य केल्याच्या थाटात घरी आलो आणि पोहे खाल्ले. गाढव आहे मी.


१९ ऑक्टो., रवि.

गेलो नाही. ऑफिसची फाइल आहे म्हणून कळवलं. फाइल-बिइल काही नाही. दिवसभर पंखा पुसला, ट्यूबलाइट पुसली, दिवाळीची सफाई म्हणून. सु. म्हणाली, अहो, तुम्हाला लाज वाटते म्हणून त्यांचा रविवार का बुडवता?

मी पुन्हा स्टुलावर चढलो.


२६ ऑक्टो., रवि.

सु.नं ओढत नेलं.

वहिनींना तोंड कसं दाखवू असं झालं होतं. त्याच म्हणाल्या, "एका परीनं सुटले मी, भावजी. इतके दिवस नळ सोडून रडत होते. आता ह्यांच्यासमोर रडता येतं." पुढे म्हणाल्या, पण हे बोलेनासे झालेत. सोसायटीचे कागद अमोलला समजावून दिले, गॅसचा नंबर कुठे लिहिलाय ते सांगितलं, आणि मग गप्प.

वि. भिंतीकडे तोंड करून पडला होता. टीव्हीवर कुठल्याशा जुन्या सामन्याची क्षणचित्रं चालू होती. पोरगा खेळत होता. तो सरळ बॅटीचा, गोलंदाजाच्या बाजूनं जाणारा फटका, ज्यावर वि. दर वेळी पलंगावरून उठून उभा राहायचा. बघितलंसुद्धा नाही. अमोलला म्हणाला, बंद कर.

मी म्हटलं, "विन्या, मला पटलं नव्हतं. खोटं बोललो."

"माहीत आहे. म्हणून तर कळलं."

हात धरून बसलो. हाताचं वजनच लागत नाही. मरण तर येणारच होतं, ते काही मी आणलं नाही, हे मलाही समजतं. पण भांडणाची हौस होती ती मी घालवली. आणि या माणसात आता तेवढीच उरली होती.


३१ ऑक्टो., शुक्र.

दिवाळी. फटाक्यांच्या धुरात काही दिसत नाही. सु.नं चकल्या केल्या, थोड्याच. फोन केला तर अमोल म्हणाला, बाबा नुसते पडून असतात, पाणीही चमच्यानं घेतात, हो-नाहीसुद्धा म्हणत नाहीत. उद्या पाडवा. दर पाडव्याला वि. सकाळी फोन करायचा, "आज तरी पटलं म्हण, सण आहे."


२ नोव्हें., रवि.

एकटाच गेलो. बसमध्ये ठरवलं, आज कीव नाही.

वि. डोळे मिटून होता. खुर्ची ओढली, तब्येत विचारली नाही. म्हटलं, विन्या, तू त्या दिवशी सोपा चेंडू टाकलास, तो मी मुद्दाम सोडला. आता खेळतोय, ऐक. मग थांबलोच नाही. जिवाचा डाव म्हणजे टिकायचा डाव. माझा म्हातारा अख्खी सकाळ बाहेरच्या चेंडूला हात लावणार नाही, गोलंदाज दमतील, चेंडू जुना होईल, आपण दोघं जिवंत. तुझा पोरगा चार देखणे चौकार मारेल, लोक टाळ्या पिटतील, पाचव्याला झेल देऊन येईल. जेवणाच्या सुट्टीआधी तू पण गेलास आणि मी पण.

गेलास म्हटलं तेव्हा आवाज फाटला. तरी तेच पुन्हा म्हटलं, मोठ्यानं. अमोल धावत आला, "काका, प्लीज..." वहिनींनी त्याचा दंड धरून त्याला दारातच थांबवलं.

मी बोलत राहिलो. टोपी, बाउन्सर, यजमानांचे पंच, हलकी बॅट, सगळं पहिल्यापासून. घसा सुकला. विनूचा चेहरा हलत नव्हता. ऐकतोय की नाही तेही कळेना. संपलं तेव्हा त्याच्या उशाचं पाणी प्यायलो.

मग त्याचे ओठ हलले. मी वाकलो.

"याला उत्तर आहे माझ्याकडे."

"दे ना मग."

वाटलं झोपला.

"आत्ता दम नाही. पुढच्या रविवारी देतो."

म्हटलं, बरं. येतो. पटणार नाही, आधीच सांगतो.

वहिनी जिन्यापर्यंत सोडायला आल्या. घरी आल्यावर सु.नं विचारलं, कसे आहेत? नऊ तारखेला पुन्हा जायचंय, एवढं सांगितलं.