न धुतलेलं बीकर

बाई, त्या हवेच्या पंपाची गुळगुळ अजून कानात आहे. अंधेरीच्या कॉलेजातली तुमची ती मागची खोली, दोन काचेच्या टाक्या, आणि समुद्राच्या पाण्यात मिशा हलवत बसलेले कोळंबीचे नर. वेसाव्याची कोळीण बादलीतून जिवंत कोळंबी आणायची आणि दर वेळी विचारायची, "खायची नाय, तं पाळतेस कशाला गं बाय?" तुम्ही हसायचात. मी तुमचा प्रयोगशाळेतला मदतनीस. पण चित्त शाळेतल्या कवितांत.

तुमचं म्हणणं साधं होतं. मादी कात टाकते तेव्हा तिच्या अंगातून काहीतरी पाण्यात उतरतं, आणि त्या वासावर नर तिला शोधत येतात. म्हणून एका टाकीत त्या मादीचं पाणी ओतायचं, दुसरीत नुसतं समुद्राचं, आणि बघत बसायचं. त्या दुपारी मादीची कात मी तळहातावर घेतली. डोळ्यांसकट, मिशांसकट, आरपार दिसणारी. आत कुणीच नाही. मी कुठलीशी ओळ गुणगुणत उभा आहे, आणि त्याच तंद्रीत मादीच्या पाण्याचं बीकर न धुता त्यातूनच साधं पाणी दुसऱ्या टाकीत ओततो. तिथलेही नर सैरावैरा पोहायला लागतात.

"बीकर धुतलंस ना रे?"

"हो बाई."

आदल्याच दिवशी तुम्ही झापलं होतंत, "कविता घरी ठेवून येत जा." त्या धाकानं खोटं बोललो, की नुसतंच तोंडातून गेलं, मला आजही उमगत नाही. तुम्ही वहीत लिहिलंत, दोन्हीकडे सारखंच. पुन्हा करायचं तर बोटी पावसाळ्यासाठी किनाऱ्याला लागलेल्या, आणि नंतर कॉलेजनं ती खोलीच काढून घेतली. "माझंच काहीतरी चुकलं असणार," म्हणालात, आणि ती कात काडेपेटीत घालून मला दिलीत. मलाच का? तुम्हाला कळलं होतं का? की कवितेच्या वेड्याला द्यायची म्हणून सहज दिलीत?

इतकं लिहिलं आणि बेल वाजली. दारात तुमची मुलगी! टाकीला नाक लावून बसायची ती; आता तिचे केस पिकलेत. हातात तुमची वही. "काका, आईनं या एकाच पानावर प्रश्नचिन्ह काढून ठेवलंय. त्या दिवशी तिच्याबरोबर तुम्हीच होतात ना?"

चहाचं निमित्त करून मी आत आलोय. चहा केव्हाच झाला, बाई. मी अजून आतच उभा आहे.