आमच्या हातातला एकच कर

प्रिय क्रिस्टा,

रविवारी फोनवर तू दोनदा विचारलंस, "बाबा, तुमचा आवाज असा का येतोय?" आणि मी दोन्ही वेळा सर्दीवर ढकललं. सर्दी नव्हती. तुझी आई गेली त्या सकाळबद्दल तुला एक गोष्ट सांगायची राहिली आहे. फोनवर ती माझ्याच्यानं होत नाही, म्हणून हे पत्र.

आधी गावाची खबर घे, म्हणजे माझाही हात जरा चालू होईल. मका बरा आला. चर्चमध्ये गेल्या रविवारी पाद्री धरून बावीस माणसं होती. लुंडग्रेन कुटुंबानं नदीपलीकडच्या राज्यात घर घेतलं. तिकडे घरावरचा कर आपल्या निम्मा आहे. तुम्हीही त्याच कारणानं गेलात, तेव्हा मी कुणाला कशाला बोलू? इकडे दरवर्षी पेट्रोलवरचा कर वाढतो, रस्त्यांसाठी म्हणून, आणि आपल्या घरासमोरचा रस्ता तू शाळेत जायचीस तेव्हा होता तसाच खडीचा आहे. राजधानीत मात्र सरकारी कचेऱ्यांसाठी काचेची नवी इमारत झाली. सिनेमावाल्या कंपन्यांना करात सूट आहे. आणि खेड्यांतल्या अँब्युलन्ससाठी राखून ठेवलेला निधी त्या लोकांनी दोन वर्षांपूर्वी सरळ मोठ्या तिजोरीत ओतला. आम्हाला कळवलं ते चार ओळींच्या पत्रानं. वाचून अंगाचा तिळपापड झाला होता.

निधी गेला तेव्हा आपल्या अँब्युलन्स मंडळानं गावापुढे हात पसरला. घरपट्टीत थोडी वाढ करू द्या, म्हणजे गाडी चालू राहील, असा ठराव गेल्या नोव्हेंबरात मतदानाला आला. आता गंमत बघ. राज्याचे सगळे कर आमच्या डोक्यावर न विचारता बसतात. ज्यावर आम्हाला हो किंवा नको म्हणता येतं असा कर हा एकच, आणि तोही सगळ्यांत लहान. वीस वर्षांचा राग आम्ही मतपत्रिकेवरच्या त्या एका चौकोनात ओतला. आम्ही म्हणजे मुख्यतः मी. "आधी राजधानीनं उधळपट्टी थांबवावी, मग एक पैसा मागावा," अशा पाट्या मी गॅरेजमध्ये स्वतः रंगवल्या आणि ऐंशी अंगणांत रोवल्या. पहिली आपल्याच अंगणात.

तुझ्या आईला ती आवडली नव्हती. बटाटे सोलता सोलता म्हणाली, "व्हर्नन, तुझं भांडण राजधानीशी आहे ना? मग ड्वेनला कशाला शिक्षा?" ड्वेन म्हणजे आपला तीन घरं सोडून राहणारा ड्वेन टोरसन, टपाल वाटून झाल्यावर फुकट अँब्युलन्स चालवायचा. मी म्हटलं, "लोरेन, हा तत्त्वाचा प्रश्न आहे." ती म्हणाली, "हो का? मग मला काही झालं तर तुझं तत्त्व येऊन ऑक्सिजन लावणार का?" मी हसलो. ती हसली नाही. ठराव एकसष्ट मतांनी पडला आणि आम्ही कॅफेत अ‍ॅपल-पाय खाऊन ते साजरं केलं. नवीन वर्षात ड्वेननं गाडीच्या किल्ल्या जमा केल्या. तेव्हापासून गाडी काउंटीच्या मुख्य गावाहून येते, सव्वीस मैलांवरून.

फेब्रुवारीत त्या सकाळी आई चर्चसाठी लिंबाच्या वड्या भाजत होती. म्हाताऱ्या इंग्रिडबाईंच्या अंत्यविधीनंतरचं जेवण होतं. साडेनऊला ती फ्रीजला टेकून खाली बसली आणि म्हणाली, "छातीवर कुणी बसल्यासारखं वाटतंय." मी अँब्युलन्सला फोन केला. मग ड्वेनला हाक मारली. तो सपाता घालूनच बर्फातून धावत आला. काय करायचं ते त्याला सगळं ठाऊक होतं, पण हातात यंत्र नव्हतं, ऑक्सिजनची बाटली नव्हती, काहीच नव्हतं. आई माझा हात धरून होती. ओव्हन बंद कर म्हणाली. मग दोनदा विचारलं, "अजून वेळ आहे का रे?" मी दोन्ही वेळा म्हटलं, आलेच. ती बेशुद्ध झाल्यावर ड्वेन घाम गाळत तिची छाती दाबत राहिला. गाडी पोचायला एक्केचाळीस मिनिटं लागली. त्यानं मला आजवर एका शब्दानं टोचलेलं नाही. त्यानं टोचलं असतं तर बरं झालं असतं.

त्या दुपारी तुला फोनवर मी सांगितलं की ती उभ्या उभ्या कोसळली आणि तिथेच संपलं. तू रडता रडता म्हणालीस, "निदान तिला काही कळलं तरी नाही." मला ते खोडवेना. पुढे दर फोनला तू तेच म्हणत राहिलीस आणि मी हूं करत राहिलो. आता तोच ठराव पुन्हा मतदानाला आला आहे. गुरुवारी शाळेच्या व्यायामशाळेत सभा आहे. करविरोधी मंडळींनी विचारायच्या आधीच माझं नाव वक्त्यांत घातलं. आपला माणूस म्हणून. मी बोलणार आहे. राजधानीवरचा माझा राग तसूभरही कमी झालेला नाही, ते लोक आपला पैसा उडवतात, आणि हे मी तिथे मोठ्यानं सांगणार आहे. मग मी लोकांना हो म्हणायला सांगणार आहे, आणि कारण विचारलं तर ती एक्केचाळीस मिनिटं सांगणार आहे. वर्तमानपत्राची बाई पहिल्या रांगेत असते. शुक्रवारी ते छापून येईल, आणि तू ते तिथे वाचावंस असं मला वाटलं नाही. माझ्यावर रागाव. वर्षभर बोलू नकोस, तो तुझा हक्क आहे. पण तुझ्या समजुतीतलं एक वाक्य मला आज काढून घ्यावं लागतंय, बाळा. तिला सगळं कळत होतं.

तुझाच,
बाबा