खिडकीपाशी खाट

अश्वजीत,

ओरडू नको, आधी पूर्ण वाच. तुझ्या कुंड्या मीच हलवल्या. शेजारच्या कलावतीकाकूंना हाताशी घेऊन आज सकाळी बाबांची खाट समोरच्या खोलीत, खिडकीपाशी आणली. मागच्या बिनखिडकीच्या खोलीत आता तुझी झाडं आहेत. क्रोटन आणि जेड तुझ्या त्या झाडं वाढवायच्या ग्रो लाइटच्या खाली एका फुटावर ठेवले. लाइट रात्री दहाला आठवणीनं बंद कर. जागा बदलली म्हणून क्रोटन थोडी पानं गाळेल, गाळू दे.

मोबाइलवर उजेड मोजून तू एकेका कुंडीची जागा ठरवली. काल तेच ॲप मी मागच्या खोलीत बाबांच्या उशीजवळ उघडलं. तुझ्या हिशोबानं तिथे मनी प्लांटसुद्धा जगत नाही. चार महिने आपण त्यांना तिथे काहून ठेवलं?

माझी सेकंड शिफ्ट आहे, निघून राहिली. तू येईपर्यंत काकू बसतील. खाट परत आत नेऊ नको.

बाबा दिवसातून वीसदा "किती वाजले" विचारायचे आणि मी चिडायची. आज सकाळपासून त्यांनी एकदाही विचारलं नाही.

मोना