टिंबवाली डबी

४ जुलै

चि. मास्तरीणबाईंस आजीचे अनेक आशीर्वाद, वि. वि.

पत्र पोचलं. खालच्या मजल्यावरच्या शिवणवालीने मशीन थांबवून वाचून दाखवलं, आणि हेही तीच लिहिते आहे. चुकेल ते तिचं, बरोबर असेल ते माझं. फोनवर मला तुझं निम्मं ऐकू येत नाही आणि उरलेलं निम्मं तू हॅलो हॅलो करण्यात घालवतेस. त्यापेक्षा पत्र बरं.

तू माझी केस लिहितेस म्हणे. जन्मात पोलिसाच्या दारात गेले नाही, आणि नातीनेच केस केली! शिवणवालीने समजावलं, की शिक्षक होणाऱ्यांना एक शिकणारा माणूस धरून त्याच्यावर लिहावं लागतं. धरलंस तर धर, पण चांगलं लिही. इथे आली होतीस तेव्हा पाटीवर तू दहा वेळा विचारलंस, दहाही वेळा मी बरोबर सांगितलं. नुसता 'स' सकाळचा, डोक्यावर टिंब असलेला संध्याकाळचा. हे लिहिलंस ना?

कालपासून जरा गरगरतंय. ऊन लागलं असेल.

माया पातळ होऊ देऊ नकोस.

तुझी आजी

८ जुलै

ती. आजीस सा. न. वि. वि.

अगं, सगळं लिहिलं! पुस्तकात म्हटलंय, ज्ञाताकडून अज्ञाताकडे न्यावं. तुला गोळ्यांच्या वेळा ठाऊक होत्या, त्यांनाच मी अक्षरं जोडली. म्हणून तर लाल आणि पांढऱ्या पाकिटांतून गोळ्या काढून दोन सारख्या डब्यांत भरल्या आणि वर अक्षरांच्या चिठ्ठ्या लावल्या. रंग बघून ओळखलंस तर ते वाचन कसलं? सर खूश झाले. फक्त एवढंच म्हणाले, की पाटीवर आलं म्हणजे डबीवर आलंच असं नाही, खात्री कर. मी ठणकावून सांगितलं, माझी आजी आहे ती.

गरगरणं थांबलं का? लगेच कळव. दोन दिवस जीव थाऱ्यावर नाही.

आशीर्वाद असू दे, कान ओढलेस तरी चालेल.

तुझी मास्तरीण

१२ जुलै

चि. मास्तरीणबाईंस अनेक आशीर्वाद.

घाबरू नकोस. मी मोरीपाशी पडले. हाड शाबूत आहे, मोरीचाच कोपरा उडाला.

डॉक्टरीणबाईंनी डब्या बघितल्या आणि कपाळाला हात लावला. झालं असं, की पाटीवर तुझं टिंब वाटाण्याएवढं होतं. डबीवरच्या चिठ्ठीत ते मोहरीच्या अर्ध्याएवढं. मला वाटलं, माशी घाण करून गेली. नखाने खरवडून काढलं. मग दोन्ही डब्या म्हणायला लागल्या 'स'. आज्ञाधारक विद्यार्थिनी मी, दोन्ही सकाळीच घेतल्या. संध्याकाळी टिंबवाली शोधली, सापडली नाही. म्हटलं, बंद केली असेल. रक्तदाबाच्या दोन्ही गोळ्या एकदम, असं आठ दिवस चाललं. आता सगळं ठीक आहे. तू अभ्यास कर.

तुझी आजी

ताई, हे त्यांनी सांगितलेलं नाही, मी माझ्या मनाने लिहिते आहे. ठीक काही नाही. तीन दिवस त्यांनी एकही गोळी घेतलेली नाही. डब्यांकडे पाठ करून बसतात. मी द्यायला गेले तर तोंड घट्ट मिटून घेतात. मला भीती वाटते. – शिवणवाली

१५ जुलै

ती. आजीस सा. न. वि. वि.

पत्र वाचलं. शिवणवालीताईंना लगेच फोन केला. त्यांनी नवी लाल-पांढरी पाकिटं आणून तुझ्यासमोर फोडली, तेव्हा कुठे तू गोळी गिळलीस असं कळलं. तोवर मी फोन कानाला लावून उभी होते, दुसऱ्या टोकाला त्यांच्या दुकानातल्या घड्याळाची नुसती टिकटिक.

आजी, मी तुझा जीव घेतला असता. तुला रंग येत होते. तुला येत होतं तेच मी काढून घेतलं, आणि वर पानभर लिहिलं, 'अध्ययनार्थी यशस्वी'. ते पान फाडते आहे. कॉलेजही सोडते. उद्या वर्गात चाळीस पोरं असतील. त्यांना काय दिसतंय, हे मी विचारणारच नाही आणि पुढे जाईन.

रागाव, पण गोळ्या घे.

तुझी नात

१८ जुलै

चि. बाळीस आशीर्वाद.

पान फाडलंस तर याद राख. केस माझी आहे, पडले मी, आणि फाडणार तू? माशी, नख, मोरी, सगळं लिही. सरांना म्हणावं, विद्यार्थिनीने चूक विचार करून केली, झोपेत नाही.

आता खरं सांगते, शिवणवालीने मान खाली घालून लिहावं. जन्मभर मला अक्षरांचं भय नव्हतं. ती माझी नव्हतीच, दुसऱ्यांची होती. एक 'स' ओळखीचा झाला आणि आता दुकानाच्या पाटीवर, दवाखान्याच्या दारावर, जिथे तिथे तोच. दिसला की मी थबकते. टिंब आहे का? होतं आणि पुसलं का? परवा रस्त्यात अशी उभी राहिले, की मागचे लोक खेकसले. मला भीती वाटते, बाळी. पण न ओळखण्याचं सोंगही आता जमत नाही.

डॉक्टरीणबाईंनी दुपारची तिसरी गोळी सुरू केली आहे. तिचं अक्षर शिवणवाली सांगत होती, मी कान झाकले. ते तूच सांगायचं. रविवारी ये, गोळी समोर ठेव, अक्षर ठळक काढ, आणि आधी मला विचार, काय दिसतंय. मी सांगेपर्यंत गप्प बस.

जीव लावला आहेस, तो काढून घेऊ नकोस.

तुझी केस