बद्द आवाज

नाशिक, मार्च २००४, मंगळवार संध्याकाळ

दादाने शेडमध्ये बनवलेली गाडी उद्या पहिल्यांदा रस्त्यावर येणार. सगळी कार्बन फायबरची, थरावर थर चिकटवून केलेली. दार एका बोटाने उचललं जातं, म्हणून तर ती वाऱ्यासारखी पळेल म्हणतो. पण मला तो आवाज सोडत नाहीये. माठ घेताना वाजवून बघतो, तसा दुपारी मी रुपयाने तिचा सांगाडा वाजवला. सगळीकडे टणटण, आणि दादाच्या सीटखाली बद्द. म्हणजे आत थर सुटलाय का? दादा हसला. "माठ आहे का गं तो? लोखंडापेक्षा मजबूत आहे."

मग मला कसली भीती वाटतेय?

आत्ता शेडचा दिवा बंद करायला गेले, तर दादा सीटखाली वाकून रुपया वाजवत होता. मला बघताच त्याने मूठ मिटली.

"आईला काही बोलू नकोस," म्हणाला.