शेवटची गोटी

मंगळवार, चैत्र शुद्ध सप्तमी

माझ्या लेकीची, कुसुमची शाळा आजपासून बंद, असं सासूबाईंनी सकाळीच मला सांगितलं. "मॅट्रिक होऊन तू तरी काय दिवे लावलेस?" भवानीचा वार, उपास. उलट कशाला बोला?

संध्याकाळी कुसुमनं देवघरापुढं, दोन फरश्यांमधल्या खाचेत, सारख्या गोट्या ओळीनं एकमेकींना चिकटून मांडल्या. एक गोटी त्यांच्यावर सोडली. ती धडकून जागीच थांबली आणि पलीकडची शेवटची तेवढी सुटली. मधल्या जणू हलल्याच नाहीत.

"पोरीच्या जातीनं गोट्या!" म्हणत सासूबाई शेजारी टेकल्या. "हळू मारतेस म्हणून. दे इकडं." त्यांनी जोरात मारली. तरी एकच सुटली, फक्त जोरात गेली.

"आता दोन मारा, आजी."

दोन मारल्या, दोनच सुटल्या.

"जोर कुठं हरवत नाही. पुढचीला मिळतो," कुसुम म्हणाली.

ती शेवटची गोटी डोळ्यांपुढून जात नाही. मधल्यांतून जोर गेला कसा?

आरतीचं तबक खाली ठेवता ठेवता सासूबाई म्हणाल्या, "अन् मारणारी गोटी लई मोठी असली तर गं?"

"ठाऊक नाही, आजी."

"मग उद्या शाळेत मास्तरणीला विचारून ये."

कुसुमचा शाळेचा एकुलता एक परकर मी तेवढ्यात धुऊन वाळत घातला.